सुटला की तुटला

आवाज मोठा नव्हता. सुका बोंबील मोडताना होतो तेवढाच. पण त्याच्या आधीचा एक क्षण माझ्या मनगटात अजून बसून आहे. दहा नंबरचा पाना, स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा बोल्ट आणि दहा मिनिटांची झटापट. इतका वेळ दगडासारखा बसलेला बोल्ट अचानक मऊ झाला, लोण्यात फिरावा तसा पाव फेरा फिरला. "सुटला!" मी ओरडले. चार हातांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले बाबा त्याच वेळी म्हणाले, "रव." बाबांची मालवणी आता दोनच वेळा बाहेर येते, रागात आणि घाईत. रव म्हणजे थांब. मी थांबले नाही. जिंकत आलेल्या माणसाला कोणी थांब म्हटलेलं ऐकू येत नाही. पान्यात बोल्टचं डोकं आलं आणि उरलेला बोल्ट आत, कार्ब्युरेटरला इंजिनाशी जोडणाऱ्या नळीत, मॅनिफोल्डमध्ये, काठाच्या जरा खालीच राहिला. बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मोडलो." म्हणजे मोडला.

दसरा होऊन गेला होता, ऑक्टोबरचं ऊन इमारतीच्या मागच्या गल्लीत सरळ उतरत होतं. ही स्कूटर बाबांनी १९९८ साली घेतली. आता ते चालवत नाहीत, पण दर रविवारी जिन्याखालून बाहेर काढून दोन मिनिटं चालू ठेवतात. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सबंध पावसाळा ती तशीच उभी राहिली. टाकीतलं पेट्रोल शिळं झालं, कार्ब्युरेटरमध्ये त्याचा मधासारखा चिकट थर बसला. साफ करायचा म्हणजे दोन बोल्ट काढायचे. एक निघाला. दुसऱ्याचं हे असं झालं.

नंतर आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या माझी उजवी मूठ आपोआप वळायची. मी तो पाव फेरा परत परत फिरवून बघत होते. त्यात काही खूण होती का? सुटणाऱ्या बोल्टचा मऊपणा आणि तुटणाऱ्या बोल्टचा मऊपणा, या दोहोंत हाताला कळेल असा काही फरक असतो का? बाबांना विचारलं. ते म्हणाले, असतो. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पण तो सांगता येत नाही."

बाबा गिरणीत फिटर होते. लालबागला चाळीत दोन खोल्या, तीन पाळ्यांचे भोंगे, साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या विभागातून, कधीही येणारा निरोप. आमच्या घरात डालड्याचा एक पिवळा डबा होता, अजून आहे, त्यात नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगा. शाळेत जायच्या आधीच मला आट्यांची, म्हणजे बोल्टवरच्या पेचाच्या चरांची, जाडी नखाने ओळखता यायची, कारण रविवारी बाबा तो डबा वर्तमानपत्रावर ओतून मला निवडायला बसवत. तांदूळ निवडतात तसे आम्ही बोल्ट निवडत असू. त्यांचं एकच सूत्र होतं आणि ते मला तेव्हाही उलटं वाटायचं: आधी आवळ, मग सोड. अडकलेला बोल्ट सोडवायचा तर पहिल्यांदा तो किंचित आणखी आवळायचा. गंजाची पकड दोन्ही दिशांना सारखीच असते, आवळताना ती तडकते आणि बोल्टला फारसं काही होत नाही. मग तेल, मग रात्रभर तसंच ठेवायचं, मग पाव फेरा सोड, परत आवळ, परत सोड. मला हे सगळं पाठ होतं. त्या रविवारी मी यातलं काहीच केलं नाही. साडेअकरा वाजले होते, आईने मासळी आणायला सांगितलं होतं, आणि बाबांना स्वतःच्या हाताने करता येत नसलेलं काम मी पटकन करून दाखवणार होते.

हे शेवटचं कारण लिहायला मला तीन दिवस लागले.

बोल्ट अडकला कसा, याचा दोष सरळ समुद्राला देता येतो. माहीमला आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण सायंकाळी वारा फिरला की ओठांवर खार येतो. बोल्ट पोलादाचा, मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे बॅटरीचा सेलच झाला. प्रवाह इतका बारीक की दिवा लागणार नाही, पण वर्षानुवर्षं चालू राहतो आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. गंजतं लोखंड, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की हे ऐकून मला धक्काच बसला. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांच्या फटीत सिमेंटसारखी घट्ट बसते. घरी सरकत्या खिडकीचे स्क्रू बघा, भोवती मिठासारखी कड दिसेल. जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच्यासाठीच. तिथे जस्त झिजतं आणि बाकीचं जहाज टिकतं. घरात झिजायला असा एक ठोकळा ठेवलेला असतो बऱ्याचदा, पण तो विषय वेगळा.

मॅनिफोल्ड तळहातावर मावेल एवढा. तो इंजिनाला ज्या दोन बोल्टांनी धरलेला होता ते काढताना मात्र मी शहाणी झाले होते. तेल घातलं, दोन रात्री थांबले, आधी आवळले, मग सोडले. दोन्ही निघाले. मग तो तुकडा जुन्या रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून मी धारावीत गेले.

नव्वद फुटी रस्त्याच्या आत एका गाळ्यात आर्गनचं वेल्डिंग करणारा एक पोरगा बसतो. शेजारच्या गल्लीत भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून त्याच्या लाद्या पाडतात, त्या रचलेल्या होत्या. चकचकीत नव्हत्या, राखाडी, सुरकुतलेल्या. हवेत जळक्या रंगाचा वास. पोराने मॅनिफोल्ड उजेडात धरला, भोकात डोकावला. बोल्ट काठाच्या वर थोडा जरी राहिला असता तर त्याने वर नट ठेवून, नटच्या भोकातून वेल्डिंग भरून दोघांना एकजीव केलं असतं आणि मग पाना लावून काढला असता. पोलादाची वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भिंतींना ती चिकटत नाही, आणि त्या झळीने पांढरी भुकटीही तडकते. चांगली युक्ती आहे. पण इथे तुकडा खाली बुडालेला, आणि सहा मिलिमीटरच्या भोकाभोवती भिंत पातळ. "लोहा लाल होके बताता है," तो म्हणाला, "ये नहीं बताता. सीधा पानी." खरंच आहे ते. पोलाद वितळायला दीड हजार अंश लागतात आणि तोवर ते तांबडं, नारिंगी, पिवळं होत सावध करत राहतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर जातं आणि जाईपर्यंत दिवसाउजेडी त्याचा रंग बदललेला दिसत नाही. त्याने मॅनिफोल्ड परत माझ्या हातात ठेवला आणि लाद्यांच्या दिशेने मान हलवली. नवीन घ्या, हा तिकडे द्या, किलोवर जाईल.

नवीन मिळत नव्हता असं नाही. मी शोधलाच नाही.

मग एका शनिवारी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. मला ही गल्ली लहानपणापासून आवडते. बाबांचं बोट धरून गेले होते तेव्हा वाटलं होतं की जगातल्या सगळ्या वस्तू जोडायचं सामान इथेच राहतं. पाने, टॅप, डाय, ड्रिलची बिटं, पोत्यांनी वायसर, आणि हातगाड्यांच्या मधून तिरकं तिरकं चालणारी माणसं. एका दुकानात पांढरी टोपी घातलेल्या चाचांना ईझी-आऊट मागितलं. तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलट्या चढीचं हे निमुळतं हत्यार घालायचं आणि डावीकडे फिरवायचं, ते रुतत जातं आणि बोल्टला घेऊन बाहेर येतं. असं निदान व्हिडिओत तरी दिसतं, पाच मिनिटांत, संगीतासकट. चाचांनी विचारलं, कितीचा बोल्ट? सहाचा. कशात? अ‍ॅल्युमिनियममध्ये. गंजलाय? त्यांनी काउंटरवर काढलेला सेट परत आत ठेवला. ज्या बोल्टचं डोकं उपटलं गेलं पण जो हलला नाही, तो या काडीएवढ्या हत्याराने कसा हलेल? आणि ही काडी आत तुटली तर ती इतकी कडक असते की साधं ड्रिल तिला ओरखडाही काढत नाही, मग स्पार्क मशीनवर जाळून काढावी लागते. विकणारा माणूस माल विकायला नकार देतो तेव्हा ऐकावं. त्यांनी मला डाव्या फिरकीची दोन बिटं दिली, तीन आणि चार मिलिमीटरची. ही उलटी फिरतात, म्हणजे भोक पाडता पाडता बोल्टला सोडायच्याच दिशेने ओढतात. "नसीब हुआ तो साथ में आ जाएगा."

नशीब नव्हतं. पण ती दुपार सांगण्यासारखी आहे.

जिन्याखाली टेबल, त्यावर व्हाइस, जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या, मध्ये मॅनिफोल्ड. बाबांनी सेंटर पंच, म्हणजे बिट टेकायला खूण पाडायची टोकदार सळई, स्वतः धरला आणि हातोडी मला दिली. त्यांचा हात थरथरतो, पण पंचाचं टोक टेकलं की थरथर थांबते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुटलेला भाग सपाट नव्हता, एका बाजूला उतरता होता, आणि टोक सारखं उताराकडे घसरायचं. सगळी मेख तिथेच. मधला बोल्ट कडक, भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. बिट जरा बाजूला टेकलं की ते कडक सोडून मऊकडे पळतं आणि बोल्टऐवजी भिंत खात सुटतं. सहाच्या बोल्टचा गाभा जेमतेम पाच मिलिमीटर, चारचं भोक पाडायचं म्हणजे चारी बाजूंना अर्धा मिलिमीटर. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. मी तीनचं बिट लावलं, वेग कमी केला, दोन थेंब तेल टाकलं. पोलादाचा कीस निघतो तो करड्या रंगाचा, तुटक. अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, लांब, वेणीसारखा. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, किसाकडे बघत होते. "करडा. करडा. करडा. रव." या वेळी मी थांबले. बिटाच्या खाचेत पांढरा तंतू होता. केसभर सरकलं होतं. बिट उचलून, पंचाने परत खूण करून, किंचित तिरकं धरून आम्ही ते मध्यात आणलं. चारचं भोक आरपार पडलं तेव्हा पाऊण तास गेला होता. मॅनिफोल्ड उकळत्या पाण्यात बुडवून परत बिट चालवलं, कारण अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, पकड सैल व्हायला हवी. झाली नाही. आत पोलादाची एक नळी तेवढी उरली, आट्यांना घट्ट धरून.

बाबा म्हणाले, "तुरटी आण."

मला वाटलं, हाताला कुठे कापलं. तर नाही. लालबागला आमच्या चाळीखाली एक घड्याळजी बसायचे. पितळी प्लेटमध्ये पोलादाचा केसाएवढा स्क्रू तुटला की ते प्लेट तुरटीच्या कढत पाण्यात टाकून ठेवत. स्क्रू विरघळून जाई, पितळ तसंच राही. बाबांनी तीच युक्ती गिरणीत अ‍ॅल्युमिनियमच्या एका पुलीवर केली होती. तुरटीचं पाणी आंबट असतं, ते लोखंड खातं. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्या आड ते बरंचसं बचावतं. गंमत अशी की तुरटीत अ‍ॅल्युमिनियमच असतं आणि या धातूला नावही तुरटीच्याच लॅटिन नावावरून मिळालं. म्हणजे घरचंच माणूस सोडवायला आलं म्हणायचं. एक अट: बोल्ट साध्या पोलादाचा हवा, स्टेनलेसचा असेल तर तुरटी त्याला शिवत नाही.

वाण्याकडून पाव किलो तुरटी आणली. आईने आपलं एकही भांडं द्यायला साफ नकार दिला, शेवटी माळ्यावरचं, दांडा तुटलेलं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं मिळालं. तुरटी कुटून कढत पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवली, पेट्रोलचा वाससुद्धा उरणार नाही इतका धुतलेला मॅनिफोल्ड त्यात सोडला, गॅस अगदी बारीक. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मग त्या नळीतून बुडबुड्यांची एक रेघ सुरू झाली, मोत्यांच्या सरीसारखी, आणि फक्त तिथूनच. बाकी सगळा तुकडा शांत. स्वयंपाकघरात न्हाव्याच्या दुकानाचा वास पसरला. पाणी आटलं की घालायचं, काळा गाळ वर आला की पाणी बदलायचं. दोन संध्याकाळी मिळून नऊ-दहा तास हे चाललं. बाबा ओट्याशी स्टूल घेऊन बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने स्टुलावर बसू नये, पण सांगणार कोण.

तिथे, पातेल्याकडे बघत, ते गिरणी संपाबद्दल बोलले. ते एरवी बोलत नाहीत. जानेवारी १९८२ नंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. साकीनाक्याला एका गाळ्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मी सहज म्हटलं, "गिरणी सुटली ती सुटलीच." आमच्या घरी असंच म्हणतात. बाबा म्हणाले, "गिरणी रोज सुटायची गो. भोंगा झाला की सुटायची, दुसऱ्या दिवशी परत भरायची. आम्हाला वाटलं, तशीच सुटलीय." संप मागे घेतला असं कधी कोणी जाहीर केलंच नाही. मग पातेल्यातला मॅनिफोल्ड चमच्याने उलटा केला आणि म्हणाले, "पाणी घाल." मी पाणी घातलं. विचारण्यासारखं बरंच होतं, पण ते परत बुडबुड्यांकडे बघत होते.

दुसऱ्या रात्री बुडबुडे थांबले. मॅनिफोल्ड बाहेर काढला तेव्हा काळवंडलेला होता, जर्मलचं पातेलं पाणी उकळून उकळून आतून काळं पडतं तसा. दाभणाच्या टोकाने भोकाची कड खरवडली आणि काळा, ओला, स्प्रिंगसारखा वळलेला एक पापुद्रा निघून तळहातावर आला. बोल्टच्या आट्यांची कात. त्याच्या खाली अ‍ॅल्युमिनियमचे आटे दिसत होते. जिथे बिट सरकलं होतं तिथले दोन दुखावलेले, बाकीचे जसेच्या तसे. सहाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने, तेल लावून, अर्धा पुढे पाव मागे करत फिरवला. तो शेवटपर्यंत गेला. बाबांनी भोकात करंगळीचं नख घालून बघितलं. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, "त्याचं डोकं कुठे टाकलंस?"

बोल्टचं डोकं मी टाकलं नव्हतं. खिडकीत, बाटलीच्या बुचात ठेवलं होतं, का ते माहीत नाही. बाबांनी वर्तमानपत्र वाचायचं भिंग काढलं, डोकं ट्यूबलाइटखाली धरलं, तुटलेली बाजू वर. बराच वेळ बघितलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. तुटलेल्या तोंडाला दोन रंग होते. अर्ध्या भागात ताजं, करडं, चमचमणारं पोलाद, त्या रविवारचं. उरलेल्या भागात तपकिरी-काळी चंद्रकोर, जुना गंज. म्हणजे तिथे चीर आधीपासून होती. मी पाना लावायच्या कितीतरी आधी तो अर्धा तुटलेला होता, उरलेल्या अर्ध्यावर तग धरून.

"शेवटचा कार्ब्युरेटर मीच बसवलेला," बाबा म्हणाले. "सहा-सात वर्षं झाली. हात थरथरायला नुकती सुरुवात झाली होती. सैल राहिला असेल असं वाटायचं. म्हणून परत आवळला. परत आवळला." त्यांनी डोकं बुचात ठेवलं. "अर्धो माझो, अर्धो तुझो."

मला हलकं वाटायला हवं होतं. गेले तीन आठवडे जे ओझं मी वागवत होते त्यातलं निम्मं कोणीतरी उचललं होतं. पण ते ज्या हाताने उचललं तो हात टेबलावर सालपटांसारखा पडून होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

रविवारी त्यांनी डालड्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. सहाचे पाच-सहा बोल्ट बाजूला काढले, एकेकाचे आटे नखाने तपासले, एक निवडला. त्याला बोटभर ग्रीस लावलं, मला दिला. "आधी हातान फिरव. पानो मगे."

चार फेरे बोटांनी गेले. पाचव्याला किंचित अडलं, दुखावलेल्या आट्यांपाशी. बाबा काही म्हणाले नव्हते. मी थांबले, अर्धा फेरा मागे घेतला, आणि परत पुढे.